पात्रता फेरी नातीची, तयारी घराची

पावसाळा स्थिरावला की शाळांमध्ये क्रीडास्पर्धांचे वेळापत्रक लागते. आधी तालुका, मग जिल्हा, त्यानंतर विभाग आणि शेवटी राज्य अशी ही चढण असते. प्रत्येक पायरीवर जिंकणारा संघ पुढे सरकतो व हरणारा घरी परततो. रत्नागिरीच्या मुलींनी खो-खो आणि कबड्डीची मैदाने कधीच आपलीशी केली आहेत. आता सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉलच्या यादीतही आपल्या शेजारपाजारच्या मुलींची नावे दिसू लागली आहेत. ‘आमची नात फुटबॉल खेळते’ हे वाक्य दवाखान्यात ऐकताना मला आनंद होतो. त्या पाठोपाठ येणारा ‘पण डॉक्टर, तिला झेपेल ना?’ हा प्रश्नही मी तितक्याच आस्थेने ऐकतो. आजचा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तराचा निम्मा भाग नातीच्या प्रकृतीविषयी आहे आणि निम्मा, कदाचित आपणांस अनपेक्षित वाटेल, तो आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयी आहे.

पात्रता फेरी शरीराकडून काय मागते?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे सामने खेळले गेले. यजमान म्हणून भारतीय संघाला पात्रता फेरीविना थेट प्रवेश होता. अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याविरुद्धच्या तीन सामन्यांत आपल्या मुलींवर एकूण सोळा गोल झाले. आपल्याला एकही करता आला नाही. त्या मुलींच्या जिद्दीत उणीव नव्हती. उणीव होती ती अशा सामन्यांच्या सवयीची आणि त्यासाठी लागणाऱ्या दीर्घ शारीरिक तयारीची.

त्यानंतर तीनच वर्षांनी चित्र पालटले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील भारतीय मुली आशियाई चषकाच्या पात्रता फेरीसाठी म्यानमारमधील यांगून येथे गेल्या. ६ ऑगस्टला इंडोनेशियाशी बरोबरी, ८ ऑगस्टला तुर्कमेनिस्तानवर सात गोलांनी विजय आणि १० ऑगस्टला यजमान म्यानमारवर एका गोलाने मात, अशी कामगिरी करून भारताने तब्बल वीस वर्षांनी या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेचे दार उघडले. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी किर्गिझस्तानातील बिश्केक येथे यजमानांना आणि नंतर उझबेकिस्तानला प्रत्येकी २-१ असे हरवून आपला पात्रतेचा मार्ग मोकळा केला. उझबेकिस्तानविरुद्ध तर त्या आधी एका गोलाने मागे पडल्या होत्या.

क्रीडावार्ता म्हणून हे आपण वाचले असेल. वैद्य म्हणून माझे लक्ष यांगूनच्या तारखांकडे जाते. ६, ८ आणि १० ऑगस्ट. म्हणजे पाच दिवसांत तीन सामने, तेही आपल्या कोकणासारख्याच दमट, पावसाळी हवेत. मोठ्या स्तरावर खेळणारी महिला खेळाडू नव्वद मिनिटांत साधारणपणे नऊ ते अकरा किलोमीटर अंतर कापते. त्यात असंख्य वेळा एकदम धावणे, थांबणे, वळणे आणि उडी मारणे असते. अशा सामन्यात स्नायूंतील साखरेचा साठा रिकामा होतो व तो पूर्ण भरून येण्यास दोन ते तीन दिवस लागतात. पात्रता फेरी तेवढी सवड देत नाही. शालेय सामने कमी वेळाचे असले तरी तेथेही एका दिवसाआड, काही वेळा एकाच दिवशी दोन सामने येतात. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यातील खेळ मैदानावरील कौशल्याइतकाच घरातील ताट, झोप आणि रक्त यांवर ठरतो. ही तयारी स्पर्धेच्या आठवड्यात होत नाही. ती तीन-चार महिने आधी, आपल्याच स्वयंपाकघरात सुरू व्हावी लागते.

‘मुलीच्या जातीला झेपेल का?’

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९२० साली लिव्हरपूल येथे महिलांचा एक सामना पाहायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य संघांची मैदाने त्यांच्यासाठी बंद केली. त्या काळातील काही डॉक्टरांनीही स्त्रीच्या शरीरास हा खेळ सोसणार नाही असे मत दिले होते. ही बंदी उठण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. दरम्यान, आपल्यापैकी अनेक जण तरुण असतानाच, भारतीय महिला संघ आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला होता. १९८० साली कोझिकोडे येथे आणि पुन्हा १९८३ मध्ये.

आजचे वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगते की फुटबॉलमुळे मुलीच्या गर्भाशयाला किंवा पुढील मातृत्वाला धोका पोहोचत नाही. उलट किशोरवयात धावण्या-उडण्यामुळे हाडे बळकट होतात आणि उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका कमी होतो. ज्या आजींना मनगटाचे किंवा खुब्याचे हाड मोडण्याचा अनुभव आहे, त्यांना या लाभाचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र काही बाबतींत मुलीच्या शरीराची काळजी मुलांपेक्षा वेगळी घ्यावी लागते.

आधी रक्त तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे अकरा जणींच्या संघात सहा-सात जणी अपुऱ्या हिमोग्लोबिनवर धावत असण्याचा संभव आहे. या वयात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी नसावे. मुलगी लवकर दमते, जिना चढताना तिला धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही, बर्फ, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, अशा तक्रारी असतील तर तो आळस समजू नका. स्पर्धेच्या किमान तीन महिने आधी रक्त तपासून घ्या, कारण गोळ्या सुरू केल्यावर लोहाचा साठा भरून येण्यास तेवढा काळ लागतो.

शाळांमधून किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते आणि ठरावीक काळाने जंताचे औषधही मिळते. ‘गोळीने मळमळते’ म्हणून ती दप्तरात राहून जाते. जेवणानंतर गोळी घेतल्यास त्रास कमी होतो. हे पाहण्याचे काम आजी-आजोबांइतके उत्तम कोणी करू शकत नाही.

आहारासाठी महागड्या डब्यातील भुकट्यांची गरज नाही. नाचणीची भाकरी किंवा आंबील, कुळथाचे पिठले, चवळी, अळिवाचे लाडू, पालेभाज्या, मासे चालत असतील तर बांगडा, तारली, तिसऱ्या, आणि अंडी. हे सारे आपल्या कोकणातलेच अन्न आहे. सोबत लिंबू किंवा आवळा असावा, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र लोह वाया घालवतो. त्यात किमान एक तासाचे अंतर ठेवा.

सामन्याच्या दिवशी तीन तास आधी भात, घावणे किंवा पोळी असे साधे जेवण द्यावे. तासभर आधी एखादे केळे पुरे. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी पीत राहावे. सामना संपल्यावर तासाभरात दहीभात, दूध-केळे, उकडलेले अंडे किंवा गूळ-चणे यांपैकी काहीतरी पोटात जायला हवे. दुसऱ्या दिवशीचा सामना तेथूनच सुरू होतो. झोप आठ ते दहा तासांची असावी. रात्री उशिरापर्यंत मोबाइल चालू असेल तर तो काढून घेण्याचा अधिकार आजोबांनी अवश्य बजवावा.

पाळीविषयी मोकळेपणाने

स्पर्धेच्या तारखा आणि पाळीच्या तारखा जुळल्या की घरात कुजबुज सुरू होते. पाळीत खेळण्यास वैद्यकीय हरकत नाही. पोटात दुखत असेल, रक्तस्राव फार असेल तर उपचार आहेत. कृपया पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर औषधाच्या दुकानातून आणू नका. सणासमारंभासाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या या गोळ्या डॉक्टरांचा सल्ला न घेता किशोरवयीन मुलीला देणे योग्य नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सरावास सुरुवात झाल्यावर मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर ‘बरे झाले, कटकट गेली’ असे म्हणून सोडून देऊ नका. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी हाडेही कमकुवत होत असतात. डॉक्टरांकडे जावे.

घरातील जुन्या रीतींविषयी मी उपदेश करणार नाही. एवढेच सांगतो की ज्या घरात नात आजीला निःसंकोच सांगू शकते की ‘आज दुखते आहे’, त्या घरातील मुलीचा आजार वेळेवर कळतो.

गुडघा, डोके आणि पावसातले मैदान

मुलींच्या गुडघ्यातील आतला अस्थिबंध, ज्याला खेळाडू लिगामेंट म्हणतात, तो फाटण्याचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. यावर एक उपाय सिद्ध झाला आहे. नॉर्वेमधील १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० फुटबॉलपटू मुलींवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या संघांनी सरावापूर्वी वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम नियमाने केले, त्यांच्यात दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा आत न वळू देता उतरणे, मांडी व पोटाच्या स्नायूंना बळ देणे, असे हे व्यायाम आहेत. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रशिक्षकांना एवढे विचारा, ‘सरावाआधी हे व्यायाम घेता ना?’ वळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत सूज आली, तर तेल चोळू नका, बसवून घेण्यासाठी कोणाकडे नेऊ नका. बर्फाचा शेक, विश्रांती आणि अस्थिरोगतज्ज्ञ, हाच क्रम ठेवा.

डोक्याला मार लागल्यावर मुलगी गोंधळलेली दिसली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी तिने पुन्हा मैदानात उतरता कामा नये. मग सामना अंतिम का असेना. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झापड किंवा फीट यांपैकी काही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपल्याकडचे मैदान म्हणजे जांभ्याची तांबडी माती. तिच्यावर घसरले की कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात त्याच मैदानावर पाणी साचते. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते पाहावे, ओले मोजे लगेच बदलावेत. भातशेतीमुळे लेप्टोचा ताप कोकणातील घरांना परिचित आहे. तो साचलेल्या पाण्यात खेळणाऱ्या मुलीलाही होऊ शकतो. स्पर्धेनंतर दोन-तीन आठवड्यांत थंडी-ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ‘ही पाण्यात खेळली होती’ हे आवर्जून सांगा.

आणखी एक सूचना खास आपल्यासाठी. आपल्या संधिवाताच्या गोळीची अर्धी गोळी ‘सामन्याआधी घे, दुखणार नाही’ म्हणून नातीला देऊ नका. घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडास इजा करू शकतात. शिवाय दुखणे दबले की दुखावलेल्या अवयवावरच मुलगी खेळत राहते.

‘मी गेले तर आजीकडे कोण पाहील?’

आता लेखाचा दुसरा भाग. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत आई-वडील मुंबईस नोकरीला असतात आणि गावच्या घरी आजी-आजोबा व शाळकरी मुले राहतात. बाहेरून पाहता आजी-आजोबा नातीला सांभाळत असतात. पण दवाखान्यात येणाऱ्या कागदांवरून मला वेगळेच दिसते. गोळ्यांची वेळ नात पाळते, इन्सुलिन नात टोचते, रक्तातील साखर वहीत नात लिहिते, रात्री आजोबांना उठवून बाथरूमपर्यंत नात नेते. ती खेळाडू आहे आणि शुश्रूषा करणारीही आहे.

विभागीय फेरीसाठी अनेकदा घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे जावे लागते. दोन-तीन रात्री बाहेर राहावे लागते. अशा वेळी मुलगी ‘माझा पाय दुखतो’ असे सांगून संघातून माघार घेते. पाय तपासला तर त्यात काही नसते. थोडे बोलते केले की खरे कारण बाहेर येते: ‘मी गेले तर आजीकडे कोण पाहील?’ ही माघार कोणी लादलेली नसते. आजीला तर ती कळतही नाही. म्हणूनच ती थांबवणे फक्त आपल्यालाच शक्य आहे. नातीने विचारण्याची वाट न पाहता आपणच म्हणावे, ‘तुझ्या तीन दिवसांची सोय मी केली आहे.’

ही सोय पुढील क्रमाने करता येते.

पंधरा दिवस आधी: आपल्या सर्व औषधांची यादी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घ्या, औषधाचे नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर. त्याखाली डॉक्टरांचा, मुलाचा वा सुनेचा आणि शेजाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. कागद फ्रिजच्या दारावर किंवा देवघराजवळ चिकटवा.

आठ दिवस आधी: इन्सुलिन घेत असाल तर शेजारची सून, भाचा किंवा विश्वासातील कोणी नातीच्या देखरेखीखाली चार-पाच वेळा टोचून शिकून घेऊ दे. हात स्थिर आणि दृष्टी ठीक असेल तर इन्सुलिनचे पेन स्वतः वापरता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. अनेक ज्येष्ठ ते सहज शिकतात.

दोन दिवस आधी: वारांचे खाने असलेल्या डबीत गोळ्या भरून ठेवा. रात्रीच्या वाटेवर मंद दिवा, बाथरूममध्ये न घसरणारी चटई आणि उशाशी पाण्याचा तांब्या, काठी व मोबाइल ठेवा. बहुतेक पडझड रात्रीच्या त्या दहा पावलांतच होते.

ती गेल्यावर: जेवण टाळू नका. एकट्याने जेवायचा कंटाळा आणि इन्सुलिन नेहमीइतके, हा धोकादायक मेळ आहे. एकाएकी घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. बरे वाटल्यावर लगेच काहीतरी खा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. शेजाऱ्यांनी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी कोणीतरी डोकावून जाईल असे पाहा.

दूर असलेल्या मुला-सुनांनाही एक विनंती. जेथे शक्य असेल तेथे त्या तीन दिवसांसाठी दोघांपैकी एकाने रजा काढून गावी यावे. गणपतीला आपण येतोच. मुलीच्या पात्रता फेरीलाही यावे.

आमच्याकडील एका घरात गेल्या पावसाळ्यात हे सारे करून पाहिले. शेजारच्या काकूंनी आठवडाभरात इन्सुलिन द्यायला शिकून घेतले. संघ विभागीय फेरीत पहिल्याच सामन्यात हरला आणि मुलगी दुसऱ्या दिवशी परत आली. आजींची साखर त्या दोन दिवसांत नेहमीसारखीच राहिली. आता मात्र त्या घरात इन्सुलिन देता येणारी दोन माणसे आहेत आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावरील भार तेवढा हलका झाला आहे. माझ्या मते हा लाभ त्या सामन्याच्या निकालाहून मोठा आहे. कारण नात आज स्पर्धेला जाईल, उद्या शिक्षणाला, परवा नोकरीला. आपली शुश्रूषा एकाच कोवळ्या व्यक्तीवर टांगलेली असणे आपल्याही प्रकृतीच्या हिताचे नाही.

सामना पाहण्यास आपण स्वतः जाणार असाल तर अवश्य जा. सकाळच्या गोळ्या घेऊन, छत्री, पाण्याची बाटली आणि बसायला सुकी घडी बरोबर घेऊन जा. निसरड्या पायऱ्यांवर कोणाचा तरी हात धरा. छातीत जड वाटले तर ‘सामना संपू दे’ म्हणून थांबू नका.

यंदाच्या फेऱ्यांच्या तारखा शाळेच्या सूचनाफलकावर लागल्या असतील किंवा लवकरच लागतील. आज संध्याकाळी नातीला त्या विचारा आणि दिनदर्शिकेवर आपल्या हाताने खूण करा. मग तिच्या रक्ततपासणीचा दिवस ठरवा, आपल्या औषधांची यादी लिहायला घ्या आणि ती यादी तिला वाचून दाखवा. आपण तिच्याविना तीन दिवस नीट राहू शकतो, हे तिला आपल्याच तोंडून ऐकायचे आहे.